पहाटे साडेपाचचं युरोप

लष्करातल्या माणसाशी लग्न केलं की जग पाहायला मिळतं, असं आमच्या मावशी म्हणायच्या. ते जग पहाटे साडेपाचला पाहावं लागतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

यांची बदली रोमच्या वकिलातीत झाली तेव्हा मी हुरळून गेले. बबीना, तेजपूर, बारमेर अशी एकाहून एक 'रम्य' ठिकाणं पाहून झाल्यावर रोम म्हणजे जन्माचं सार्थक! पण आमचे कर्नलसाहेब सहलीला जात नाहीत, मोहिमेवर निघतात. शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, कूच करण्याची वेळ जाहीर व्हायची, आणि धपाटे नि लसणाची चटणी माझ्याकडे. या खात्याला लष्करात 'रसद' म्हणतात.

बरं, नुसतं लवकर उठून भागलं असतं तर ठीक; पण यांचा डोळाही लष्करी. पॅरिसला विजयकमानीच्या गच्चीवर उभे होतो. खाली बारा रस्ते चांदणीसारखे फुटलेले. माझा ऊर भरून आला. हे म्हणाले, "इथे एक मशीनगन ठेवली की बाराही रस्ते बंद!"

फ्लॉरेन्सच्या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं. मी एका काचेपाशी जरा रेंगाळले, तर यांनी सुरू केलं, "१९४४ साली माघार घेताना जर्मनांनी इथले बाकीचे सगळे पूल उडवले. हा तेवढा ठेवला, पण दोन्ही टोकांच्या इमारती पाडून वाट अडवली." व्याख्यान संपलं तेव्हा आम्ही पुलाच्या पार पलीकडे पोचलो होतो. माघारीचं तंत्र यांना जर्मनांहून चांगलं साधतं.

अशाच एका रविवारी कासीनोला निघालो. रोमपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. डोंगरावर मोठा थोरला मठ. १९४४ च्या फेब्रुवारीत बाँबफेकीत तो जमीनदोस्त झाला होता, आता पुन्हा बांधलाय. मी म्हटलं, "चला, आता सांगा, मशीनगन कुठे ठेवायची?"

हे काहीच बोलले नाहीत. गाडी पायथ्याच्या लष्करी दफनभूमीकडे वळवली.

हिरवळीवर पांढऱ्या शिळांच्या रांगा. मधे हिरव्या संगमरवराचे उंच स्तंभ. इटलीच्या लढाईत पडलेल्या पण कबरही न मिळालेल्या चार हजारांहून अधिक जवानांची नावं त्यांवर आहेत. हे एकेक स्तंभ बोटानं वाचत चालले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीपाशी थांबले. पवार, शिंदे, जाधव... परदेशात इतकी ओळखीची आडनावं एकत्र मी कुठल्या गणेशोत्सवातही पाहिली नव्हती.

"हे बघ," म्हणाले. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. आपल्या माणगावकडचा. १० जुलै १९४४ ला, इथून वर उत्तरेला, तिबेर नदीच्या खोऱ्यात पडला. त्याच्या तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा एकटाच मशीनगनवर धावून गेला. ती त्यानं बंद पाडली, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. वय वर्षं बावीस.

मशीनगन! इतकी वर्षं हे ती गच्चीवर, पुलावर, घाटमाथ्यावर ठेवत आले आणि मी हसत आले. तिच्या समोरून कुणीतरी धावत येणार असतं, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. यांना मात्र तो माणूस पहिल्यापासून दिसत असावा. बारमेरला असताना रात्री-अपरात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा, तो कशासाठी, हे त्या स्तंभापुढे मला नीट कळलं.

हिरवळीवर बसून धपाटे खाल्ले नाहीत. दोघांनाही ते सुचलं नाही.

परतताना मी विचारलं, "त्या खोऱ्यात काही खूण आहे का हो त्याची?"

"मोन्तोने गावात सूर्यघड्याळ उभारलंय, २०२३ साली. लांब आहे पण. तुला कंटाळा येईल. सकाळी दहाला निघू सावकाश."

"दहाला?" मी म्हटलं, "दहाला कुणी मोहिमेवर निघतं का? साडेपाचला कूच! रसद तयार असेल."