स्वतःच्या हाताने वाढून घेताना

नगर शहराजवळच्या एका वृद्धाश्रमात मी दर पंधरवड्याला तपासणीसाठी जाते. रक्तदाब, साखर, औषधे यांचे रकाने माझ्या वहीत असतातच. परंतु माझी नजर आधी जाते ती वजनाच्या रकान्याकडे. उतारवयात प्रयत्न न करता महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे, असा वैद्यकातील साधा दंडक आहे. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीचे महिन्यात अडीच किलो उतरणे म्हणजे धोक्याची सूचनाच. सैल झालेली कवळी, थायरॉइड, क्षय, कर्करोग, औषधांमुळे गेलेली चव, मनाची उदासीनता अशी कारणे अनेक असतात आणि ती एकेक करून तपासावीच लागतात. मात्र सर्व तपासण्या ठीक आल्यावरही काही जणांचे वजन उतरतच राहते. अशा वेळी शरीराबाहेर पडून संस्थेच्या दिनक्रमाकडे पाहावे लागते.

रसेल बार्टन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने 1959 मध्येच हे मांडले होते. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या माणसांमध्ये दिसणारी निरिच्छता, खाली घातलेली मान, कशातच रस नसणे हा केवळ मूळ आजाराचा भाग नसून संस्थेतील जगण्याने जडणारा वेगळा विकार आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. दोन वर्षांनी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने ‘असायलम्स’ हा ग्रंथ लिहिला. एकाच छताखाली, एकाच वेळापत्रकात, सर्वांसोबत उठणे, जेवणे आणि झोपणे यांतून माणसाची स्वतःची ओळख कशी झिजते, याचे त्यातील वर्णन वाचताना मला वॉशिंग्टनमधील रुग्णालय परके वाटले नाही.

आमच्या आश्रमात क्रौर्याचा लवलेशही नाही, हे आवर्जून सांगते. तेथील सेविका मायाळू आहेत. परंतु पहाटे साडेपाचला सर्वांना उठवले जाते, अंघोळीचा क्रम ठरलेला असतो, चहात साखर आधीच घातलेली असते आणि ताट वाढूनच समोर येते. ‘आजी, एवढं संपवायचं हं,’ असे प्रेमाने सांगितले जाते. आयुष्यभर चार जणांना वाढून मग स्वतः जेवलेल्या स्त्रीला दिवसभरात एकही निर्णय घ्यावा लागत नाही. मायेनेही माणसाच्या हातातले बरेच काही काढून घेता येते.

या संदर्भात नेदरलँड्समधील एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. पाच शुश्रूषागृहांतील 178 रहिवाशांवरील हा अभ्यास 2006 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. काही विभागांत आधी वाढलेली ताटे देणे चालू राहिले. इतर विभागांत टेबलावर कापड अंथरले, अन्न भांड्यांत मांडले, काय आणि किती घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवले आणि कर्मचारीही सोबत बसले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या वजनांतील बदलात सुमारे दीड किलोचा फरक पडला होता. शारीरिक हालचाल आणि जगण्याचे समाधान यांतही दुसरा गट सरस ठरला. आपल्याकडे याला पंगत म्हणतात आणि ती समजावून सांगायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नसावी. पण मोजलेली गोष्ट व्यवस्थापकांना पटवून देणे सोपे जाते, हा माझा अनुभव.

आम्ही दुपारच्या जेवणापुरती सुरुवात केली. कालवणाचे पातेले, भाकरीची दुरडी आणि ठेच्याची वाटी मध्ये ठेवली. पहिल्या आठवड्यात सांडलवंड झाली आणि जेवण पाऊण तास लांबले. स्वयंपाकघरातून तक्रारी आल्या, त्या रास्तच होत्या. माझ्या वहीतील माणसे इन-मिन अठरा. त्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही. घसरत चाललेली चार वजने दोन महिन्यांत स्थिरावली, इतकेच मी सांगू शकते.

त्या चौघांत पाथर्डी तालुक्यातील एक आजी होत्या. मुलगा-सून दरवर्षी ऊसतोडीला जात आणि कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत आजी गावी एकट्या राहत. आमच्या जिल्ह्याच्या त्या भागात अशी दारे दर हिवाळ्यात दिसतात. न्हाणीघरात घसरून पडल्यावर त्यांना आश्रमात आणण्यात आले. हाड मोडले नव्हते, तरी पुन्हा पडतील या भीतीने त्यांना बिछान्यावरच ठेवले गेले होते. या भीतीची किंमत केवढी असते, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसते. सरासरी 67 वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता, त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांसल वजन कमी झाले. आजी तर एकोणऐंशीच्या होत्या आणि तीन आठवडे पडून होत्या.

दिलासा देणारी बाजूही आहे. बोस्टनमधील एका शुश्रूषा संस्थेत 1994 साली सरासरी 87 वर्षांच्या शंभर अशक्त रहिवाशांवर अभ्यास झाला. त्यांतील ज्यांनी दहा आठवडे पायांसाठी वजनांचे व्यायाम केले, त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली आणि चालण्याचा वेगही सुधारला. आजींना आम्ही वजने दिली नाहीत. भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या खुर्चीतून उठणे आणि बसणे, सोबत सेविका, सुरुवातीला दिवसातून दोन वेळा पाच-पाच फेऱ्या, एवढेच केले. घरी करायचे असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. चक्कर, छातीत दुखणे किंवा उभे राहताच रक्तदाब उतरणे असेल तर घाई नको.

महिन्याभरात त्या काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागल्या आणि एके दिवशी म्हणाल्या, ‘‘म्या भाकरी करू का?’’ यावर आश्रमात चांगलीच वादावादी झाली. भाजले तर जबाबदार कोण, हा व्यवस्थापकांचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी परातीजवळ स्टूल आले. आजी भाकरी थापतात, तव्यावर दुसरी बाई टाकते. किती थापायच्या, ते मात्र आजीच ठरवतात.

निवडीच्या या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा. 1976 मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या आर्डेन हाउस या शुश्रूषागृहात एका मजल्यावरील वृद्धांना रोप निवडून ते स्वतः जोपासायला दिले आणि चित्रपट कोणत्या संध्याकाळी पाहायचा हेही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या मजल्यावर रोपे मिळाली, पण त्यांना पाणी घालायचे परिचारिकांनी. पहिला गट अधिक उत्साही आणि सतर्क दिसला. दीड वर्षाने त्या गटात मृत्यूही कमी आढळले. मात्र संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर तो फरक ठाम ठरत नाही. रोपाने आयुष्य वाढते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

त्याच वर्षीचा रिचर्ड शुल्झ यांचा अभ्यास त्यामानाने कमी सांगितला जातो आणि आपल्यासाठी तो अधिक मोलाचा आहे. वृद्धनिवासातील काही जणांना विद्यार्थी भेटायला येत. भेट कधी आणि किती वेळ हे ज्यांना ठरवता येत होते, किंवा निदान आधी कळत होते, त्यांची प्रकृती आणि उमेद सुधारली. अभ्यास संपला, भेटी थांबल्या. पुढच्या काळात केलेल्या पाहणीत याच गटाची घसरण इतरांपेक्षा अधिक झालेली आढळली.

वाढदिवसाला किंवा पितृपंधरवड्यात आश्रमात जेवण देणारी कुटुंबे पाहिली की मला हा अभ्यास आठवतो. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. मुलांच्या हातून लाडू मिळतात, छायाचित्रे निघतात, ‘आजोबा, आम्ही पुन्हा येऊ’ असा निरोप घेतला जातो. पुढचे कित्येक दिवस ते आजोबा फाटकाकडे तोंड करून बसतात. पुन्हा येणार नसल्यास तसे म्हणू नये, एवढी विनंती मी आता दारातच करते; काहींना ती आवडत नाही.

हे सारे केवळ आश्रमांपुरते नाही. सावेडीतल्या एखाद्या प्रशस्त सदनिकेतही वडिलांच्या कपड्यांचा रंग, अंघोळीची वेळ आणि दूरदर्शनचा आवाज सूनबाई किंवा ठेवलेली बाई ठरवत असते. काळजी घेणारा थकलेला असतो आणि ठरवून टाकणे सोपे असते, हेही खरे. म्हणून मी मोठे काही सुचवत नाही. दिवसातून तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर येईपर्यंत थांबावे: अंघोळ आत्ता की नंतर, भाजी कोणती, दार उघडे ठेवू की लोटून घेऊ? स्मृतिभ्रंश असलेल्यांना दोनच पर्याय समोर धरून दाखवावेत. काळजी घेणाऱ्याला स्वतःलाच मार्ग सुचेनासा झाला, तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाशुल्क बोलता येते.

आश्रमातल्या भेटींसाठी आम्ही प्रत्येक खाटेजवळ एक दिनदर्शिका लावली आहे. कोण, कोणत्या दिवशी येणार, हे येणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्यावर लिहायचे. येणे शक्य नसेल तर दोन दिवस आधी फोन करावा आणि तो व्यवस्थापकांना नव्हे, थेट आई-वडिलांनाच करावा.