मागच्या खोलीपर्यंत

इंटरनेटचा हिशेब आमच्या घरात आधी मिनिटांवर व्हायचा, मग एमबीवर होऊ लागला आणि आता वेगावर होतो. कंपन्यांनी माप बदललं की घरातलं वागणंही बदलायचं. कोणी कधी बसायचं, कोणाचं काम आधी, कोणी थांबायचं, हे सगळं त्या मापाप्रमाणे ठरायचं. घरात नेट आलं म्हणजे ते घरातल्या सगळ्यांना मिळालं, असं आपण धरून चालतो. इतक्या वर्षांत तऱ्हेतऱ्हेची कनेक्शनं वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय की तसं आपोआप होत नाही. ते ठरवून करावं लागतं, आणि प्लॅन घेतानाच करावं लागतं.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत. साताऱ्यात आमच्याकडे ते यायला आणखी काही वर्षं गेली. दादा इंजिनिअरिंगला होता. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, फोनच्या शेजारी ठेवलेला. कारण फोनचीच वायर काढून मोडेमला लावायची. १७२२३३ हा नंबर फिरवला की आधी शिट्टी, मग खरखर, मग पुन्हा शिट्टी, आणि नशीब असेल तर कनेक्शन. कागदावर ५६ केबीपीएस, प्रत्यक्षात बरंच कमी. तेवढा वेळ फोन एंगेज. नेटचे पैसे मिनिटांवर, शिवाय फोनचं बिल चढत राहायचं.

माझा मामा तेव्हा मस्कतला होता. त्याला ईमेल करायचा म्हणजे घरातला एक कार्यक्रमच असे. दादा आधी मोडेम बंद ठेवून नोटपॅडमध्ये मजकूर लिहून घ्यायचा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगायची: पावसाचं लिही, काकूंच्या गुडघ्याचं लिही, पैसे पोचले म्हणून लिही. मग कनेक्शन जोडायचं, मजकूर चिकटवायचा, पाठवायचा आणि लगेच तोडायचं. "झालं का रे? फोन मोकळा कर," असं आई म्हणेपर्यंत दादाने वायर परत फोनला लावलेली असे. भाऊ आईचा, बोलणं आईचं, पण खुर्चीत दादा. मामाचं उत्तर आलं की तोच ते वाचून दाखवी. बिलाच्या धाकात शिकायला, चुकायला, रेंगाळायला जागाच नव्हती. नेट महाग असलं की ते घरात आधी कोणाच्या हाती जातं आणि कोणाच्या हाती कधीच जात नाही, हे मी तिथे पाहिलं.

२००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. मुंबईकरांना एमटीएनएल, आम्हा बाकीच्यांना बीएसएनएल. लग्नानंतर पुण्यात आम्ही घेतलं ते हेच. फोन आणि नेट एकाच वेळी चालू लागलं, ही केवढी मोठी सोय! पण आता बंधन एमबीचं होतं. पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये दिवसभराचा वापर मोजून मिळे, आणि रात्री दोन ते सकाळी आठ मात्र सगळं मोकळं. मग मोठी डाउनलोड रात्रीच्या वेळेला लावून झोपायचं. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. सहा तास एकसारखी लाइन टिकली तर साधारण ६९० एमबी, म्हणजे एक सीडी भरेल एवढं. आणि पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की लाइन टिकत नसे. फोन कानाला लावला की कडकड ऐकू यायची, तेव्हा लाइनमनला शोधायला निघायचं. मी घरून भाषांतराची कामं करत होते. फाइल पाठवताना अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षाही कमी, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. जाहिरातीत तो आकडा कधीच नसे.

पुढे केबलवाल्याने गच्च्यांवरून टाकलेली निळी वायर आली, वीज कडाडली की तिचा स्विच जळायचा. २०१६ मध्ये मोबाइलचा डेटा एकदम स्वस्त झाला आणि काही काळ वाटलं, आता घरी वेगळं नेट कशाला? त्याचं उत्तर २०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाउन लागल्यावर मिळालं. मुलीची शाळा, ह्यांचं ऑफिस, माझं काम, सगळं एका छपराखाली. त्याच दिवसांत रेंज मिळावी म्हणून कोकणातली मुलं डोंगरावर जाऊन अभ्यास करत होती. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ पासून चालू आहे, आज ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. पण पंचायतीच्या कपाटापर्यंत आलेली तार आणि घरातला अभ्यास यांत अजूनही मोठं अंतर आहे. शहरात आम्ही चार कंपन्यांचे दर ताडून पाहू शकतो, हे सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नाही, याची मला जाणीव आहे.

आई कायमची आमच्याकडे राहायला आली, आणि घरातलं अंतरही मोजावं लागलं. तिची खोली मागे. हॉलमधला राउटर आणि तिची खोली यांच्यामध्ये दोन जाड विटांच्या भिंती, बाथरूमच्या टाइल्स आणि फ्रिज. आम्ही तेव्हा ९९९ रुपयांचा, १५० एमबीपीएसचा प्लॅन भरत होतो. नूतनीकरणाचा मेसेज आला तेव्हा मी फोन घेऊन घरभर फिरले आणि प्रत्येक ठिकाणी वेग तपासला. सोफ्यावर १४० च्या वर. आईच्या पलंगावर एकच्या आसपास. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या किमान दोन एमबीपीएस अशी आहे. म्हणजे दीडशेचे पैसे भरणाऱ्या घरात आईच्या खोलीपुरतं ब्रॉडबँड नव्हतंच. ती कीर्तन लावायची, ते अडकायचं, आणि ती मुकाट्याने फोन उशीखाली ठेवायची. तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नाही.

मग मी कागद घेऊन बसले. आमच्याकडे गर्दीची वेळ रात्री आठची. टीव्हीवर एचडी चित्र म्हणजे साधारण पाच एमबीपीएस. ह्यांची व्हिडिओ मीटिंग तीन-चार. मुलीचा क्लास तीन. आईचं कीर्तन किंवा व्हिडिओ कॉल दोन-तीन. सगळं एकाच क्षणी चालू असलं तरी पंधराच्या आत-बाहेर. तीस एमबीपीएस म्हणजे गरजेच्या दुप्पट. तीस एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पावणेचार मेगाबाइट, म्हणजे डेटावनवर जे उतरायला आख्खी रात्र लागायची ते आता तीन मिनिटांत. डेटाची मर्यादाही आता अडवत नाही. घरगुती फायबरवर ती बहुधा महिन्याला ३,३०० जीबी असते. एचडीला तासाला तीन जीबी धरले, तरी दिवसाचे चोवीस तास अपुरे पडतील एवढी.

तीसचा प्लॅन ३९९ रुपयांना होता. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१. आमचा ९९९ चा प्लॅन करासह ११७९ ला पडत होता. वर्षाचा फरक ८,४९६ रुपये. ९९९ च्या प्लॅनमध्ये जी ओटीटी अॅप्स फुकट म्हणून मिळत होती, त्यांतली किती आम्ही उघडतो, हेही घरात विचारून घेतलं. मुलगी एक बघते. त्याचं मोबाइलपुरतं सबस्क्रिप्शन वेगळं घेणं स्वस्त पडत होतं.

पण स्वस्त प्लॅन घेऊन मागची खोली तशीच राहिली असती, तर फक्त बिल कमी झालं असतं. म्हणून कनेक्शन जोडायला नव्या कंपनीचा मुलगा आला तेव्हा त्याला सांगितलं, राउटर टीव्हीवर नको, मधल्या पॅसेजमध्ये हवा. "ताई, वायर जास्त लागेल." लागू दे म्हटलं. त्याने कपाटाच्या कडेने वायर ओढत आणली. कोपऱ्यावर मी ती घडी घालून दाबायला लागले तसा तो ओरडला, "वाकवू नका, आत काच आहे." मग जमिनीवर बसून त्याने वायरचं आवरण सोललं, आतली बारीक काचेची तार स्पिरिटने पुसली, कटरने सरळ कापली आणि जोडायच्या दोन तारांची टोकं मशीनमध्ये बसवली. छोट्या पडद्यावर ती टोकं समोरासमोर आलेली दिसली, एक ठिणगी पडली आणि दोन्हींची एक तार झाली. मीटर लावून त्याने आकडा दाखवला, उणे एकोणीस. "मस्त आहे," म्हणाला. हाच आकडा उणे सत्तावीसच्या खाली गेला की लाल दिवा लागतो, हेही त्याने सांगितलं. मी ते लिहून ठेवलं.

आईचा फोन त्याने पाच गिगाहर्ट्झऐवजी २.४ वर जोडला. पाचचा वेग जास्त, पण भिंती त्याला सोसत नाहीत. २.४ सावकाश असतो, पण आतवर पोचतो. पलंगावर बसून पुन्हा तपासलं. बावीस, कधी चोवीस. तीसच्या प्लॅनने आईला जे दिलं, ते दीडशेच्या प्लॅनने कधी दिलं नव्हतं.

आणखी काही गोष्टी मी आता प्रत्येकाला विचारायला सांगते. बिघाड झाला तर येणारा माणूस कोण आणि तो कुठे राहतो? आमच्या आधीच्या कंपनीकडून "तक्रारीचं निवारण झालं" असा मेसेज यायचा आणि बॉक्सवरचा लाल दिवा तसाच जळत राहायचा. म्हणून प्लॅनच्या आधी इमारतीतल्या शेजाऱ्यांना विचारावं, कोणाचं कनेक्शन पावसात टिकतं. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना वापरून बघावं. अपलोडचा वेग विचारावा. राउटर परत करायचा असतो का, अनामत किती, हे लेखी घ्यावं. आणि वीज गेल्यावर राउटर चालावा म्हणून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा. वाचलेल्या पैशांतून आम्ही तोच घेतला.

मामा मस्कतहून परतून आता कराडला असतो. आई त्याला स्वतः व्हिडिओ कॉल लावते, दार लोटून घेते आणि अर्धा-अर्धा तास बोलते. काय बोलते ते आम्हाला कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. तिला मध्ये कोणी लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

घरात प्लॅन निवडतो तो बहुधा बिल भरणारा, आणि तो राउटरच्या जवळ बसलेला असतो. ज्याला नेट सगळ्यात कमी मिळतं, तो बहुधा विचारात घेतलाच जात नाही: म्हातारं माणूस, घरून काम करणारी सून, माळ्यावर अभ्यास करणारं पोर. म्हणून पुढच्या वेळी कंपन्यांचे दर बघण्याआधी त्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याला काय लागतं ते विचारा, तिथेच वेग तपासा, आणि तेवढं तिथे पोचवणारा जो सगळ्यात स्वस्त प्लॅन असेल तो घ्या. त्याहून जास्तीचे पैसे भरायची गरज फार थोड्या घरांना असते, आणि त्याहून कमीत भागवायची वेळ कोणावर येऊ नये.