उशिरा पोचलेली गाणी

जळकोटच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानात स्पीकरवर भावगीत लागलं होतं. लता-आशांच्या ऐन उमेदीच्या काळातलं, रेडिओवर वाढलेल्या माणसाला पहिल्या दोन सुरांत ओळखू येईल असं. चार्जर घ्यायला आलेला विशीतला मुलगा मान डोलवत शेजारच्याला म्हणाला, "हे आर्याचं गाणं की ओ."

आर्या म्हणजे आर्या आंबेकर. गाणं तिच्या जन्माच्या कितीतरी आधी ध्वनिमुद्रित झालेलं. ऐकणाऱ्या जाणत्याच्या ओठांवर दुरुस्ती येतेच: अरे, हे गाणं कुणाचं, संगीत कुणाचं, साल कोणतं. पण जरा थांबून विचार केला की ती दुरुस्ती ओठांवरच राहते. त्या मुलाच्या घरात हे गाणं पहिल्यांदा आलं ते २००८-०९ साली, 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'मधून, एका लहान मुलीच्या आवाजात. त्याआधी ते त्या घरात कधी वाजलंच नव्हतं. मग ते आर्याचं नाही तर कुणाचं?

जुन्या गाण्यांवर मराठीत लिहिणारे बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरतात: ही गाणी साऱ्या महाराष्ट्राच्या कानात आधीपासून होती आणि वाहिन्यांवरच्या स्पर्धांनी त्यांना फक्त उजाळा दिला. पुण्या-मुंबईपुरतं, कोल्हापूर-साताऱ्यापुरतं ते बरोबर असेल. लातूर जिल्ह्याच्या या टोकाला, जिथे चार पावलांवर नांदेडची हद्द लागते, तिथे हिशेब वेगळा आहे.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या ५६ वर गेली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, ही आठवण मराठी घरांत तेव्हापासून सांगितली जाते. आता त्याच वर्षीचा नकाशा पाहावा. जळकोटचा हा टापू तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातही नव्हता. तो हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. गीतरामायणाचं शेवटचं गीत १९५६च्या एप्रिलमध्ये झालं, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदरमधून निघून मुंबई राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ला. लातूर जिल्हा व्हायला तर १९८२चा ऑगस्ट उजाडला. म्हणजे मराठी भावसंगीताचा जो काळ सुवर्णकाळ म्हणून सांगितला जातो, त्याच्या ऐन बहरात हा मुलूख दुसऱ्याच राजधानीकडे तोंड करून होता. सरकारी कामकाज आणि वरचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून चालायचं. १९४८च्या सप्टेंबरात ती राजवट संपली, तरी कान एका दिवसात बदलत नाहीत. जुन्या पिढीतल्या माणसांना गझल आणि कव्वाली कळायची, भजन आणि भारूड पाठ असायचं, आणि हिंदी सिनेमाची गाणी रेडिओ सिलोनवरून अमीन सायानींच्या आवाजासकट यायची. भावगीत मात्र पाहुण्यासारखं आलं तर आलं.

ही कमतरता म्हणून सांगायची गोष्ट नाही. फक्त आठवणीचा उगम कुठे आहे, तेवढं नीट पाहायला हवं.

तो उगम या भागापुरता एका कार्यक्रमात सापडतो. पल्लवी जोशीचं सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, आणि शेवटच्या टप्प्यात उरलेली पाच मुलं: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीतल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत. ८ फेब्रुवारी २००९ला कार्तिकी विजेती ठरली. निकाल आज विचारला तर पुष्कळांना आठवणार नाही. पाच नावं मात्र एका दमात येतात.

परीक्षकांच्या त्या दोन खुर्च्यांकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. अवधूत आणि वैशाली ही 'ऐका दाजीबा'ची माणसं. नव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी पॉपला ज्या गाण्याने घराघरांत नेलं, त्याचा संगीतकार आणि त्याची गायिका. आणि त्यांच्यासमोर आठ-दहा-बारा वर्षांची मुलं कधी १९११च्या 'मानापमान'च्या काळातली नाट्यपदं गात होती, कधी साठ-सत्तर सालची भावगीतं. कालपरवाचं पॉप तरुण परीक्षकांच्या खुर्चीत आणि आजोबांचं पॉप नातवंडांच्या गळ्यात, अशी ती विलक्षण मांडणी होती. नाट्यपद हे त्याच्या काळातलं लोकप्रिय संगीतच, आज त्याला शास्त्रीय म्हणून दूर ठेवतात एवढंच. रात्र रात्र जागून लोक ते ऐकायचे आणि सकाळी कामावर गुणगुणत जायचे. मुलांनी ते पुन्हा त्या जागेवर आणून ठेवलं. मुग्धासारखी चिमुरडी एखादी तान घेई तेव्हा तिला त्या तानेचं वय माहीत नसे, आणि त्यामुळेच ती तान ताजी वाटे.

लातूरच्या बाजूला हे सगळं भारनियमनाच्या फटीतून पाहिलं गेलं. संध्याकाळी वीज जायची ती कधी येईल याचा भरवसा नव्हता. ज्याच्याकडे इन्व्हर्टर त्याच्याकडे गर्दी, नाहीतर पुन:प्रक्षेपणाची वाट. रोहित उभा राहिला की पाहणाऱ्यांची पाठ ताठ व्हायची. बाहेरच्या जगाला लातूर माहीत होतं ते ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपामुळे, आणि नंतर दहावी-बारावीच्या निकालांच्या 'लातूर पॅटर्न'मुळे. पुढे २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली म्हणून ते पुन्हा बातम्यांत झळकलं. या दुःखाच्या आणि टक्केवारीच्या ओळखींमध्ये काही महिने एका मुलाचा आवाज ही लातूरची ओळख होती. त्याआधी मंगेश बोरगावकरनेही 'सा रे ग म प'च्या मंचावर लातूरचं नाव नेलं होतंच. पण लहान मुलाच्या मागे गाव जसं उभं राहतं तसं मोठ्याच्या मागे राहत नाही.

त्या मंचावरच्या जुन्या गाण्यांचं श्रेय मुलांना मिळालं, आणि थोडं कमी मिळालं ते वादकांना. कमलेश भडकमकरांचं संयोजन, अमर ओकांची बासरी, सत्यजित प्रभूंचा कीबोर्ड, अर्चिस लेल्यांचा तबला, निलेश परबांची ढोलकी. ही नावं त्या कार्यक्रमामुळे घरोघरी गेली, आणि मराठी वाहिन्यांनी केलेल्या मोठ्या कामांत हे नक्की मोडतं. जुनं गाणं आठवतं तेव्हा फक्त शब्द आठवत नाहीत, मुखडा आणि अंतरा यांच्यामधला तो वाद्यमेळाचा तुकडा आठवतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. तेवढ्यात कवितेची दोन-तीन कडवी बसवायची आणि तरी वाद्यांना श्वास घ्यायला जागा ठेवायची, ही त्या संयोजकांची करामत. सुधीर फडक्यांच्या कितीतरी गाण्यांना प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनने जो रंग दिला, तो काढून घेतला तर चाल उघडी पडेल. स्पर्धेत वेळ त्याहून कमी. एक अंतरा गाळतात, मधलं संगीत कापतात, शेवटची ओळ टाळ्यांसाठी लांबवतात. गाणं ओळखू येतं, पण त्याची चण बदलते. लिटिल चॅम्प्समध्ये बासरीचे ते तुकडे बऱ्याचदा शाबूत राहिले. तो मुलगा मोबाइलच्या दुकानात मान डोलवत होता ती नेमकी बासरीवर.

इथे एका वेगळ्या दुकानाची गोष्ट सांगायला हवी: कॅसेटच्या दुकानाची.

१९८०नंतरच्या दशकात उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार या बाजारपेठांत कॅसेट पोचली आणि पहिल्यांदाच इथल्या माणसाला काय ऐकायचं ते स्वतः ठरवता आलं. रेडिओ ऐकवेल ते ऐकायचं, हा शिरस्ता मोडला. टू-इन-वन घरात आला, जीपमध्ये आला, चहाच्या टपरीवर आला, लग्नाच्या मांडवात आला. आणि त्यातून जो आवाज सगळ्यांत जास्त घुमला तो प्रल्हाद शिंद्यांचा. विठ्ठलाचं गाणं तेच गायचे, भीमगीतही तेच आणि कव्वालीही तेच. एकाच गळ्यात पंढरी, दीक्षाभूमी आणि दर्गा नांदत होते, आणि मराठवाड्याच्या कानाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आषाढीला निघालेली दिंडी त्यांच्या गाण्यावर चालायची, १४ एप्रिलची मिरवणूकही त्यांच्याच गाण्यावर. त्या आवाजात एक खडा दाणा होता, वरच्या पट्टीत गेला तरी न फाटणारा, लाउडस्पीकरच्या कर्ण्यासाठीच घडवल्यासारखा. स्टुडिओतल्या मायक्रोफोनजवळ कुजबुजणारं भावगीत आणि मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारं हे गाणं, दोन्ही मराठीच. पण दुसऱ्याचा श्रोता उभा असायचा, कामात असायचा, गर्दीत असायचा.

त्यांच्यामागून आनंद आणि मिलिंद शिंदे आले. 'नवीन पोपट हा'ने कॅसेटच्या बाजारात धुमाकूळ घातला, वरातीतल्या बँजोवाल्यांना नवं काम मिळालं. घरातली मोठी माणसं नाक मुरडायची आणि पोरं गॅरेजमध्ये जाऊन ऐकायची. आणि या सगळ्याच्या खाली, पायाच्या दगडासारखे, वामनदादा कर्डक. १९२२ ते २००४ एवढं आयुष्य लाभलेल्या या शाहिराची गाणी गायन पार्ट्यांनी वाडीवस्तीत नेली. हार्मोनियम, ढोलकी, बँजो, मागे कोरस, रात्रभर सामना. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा ज्या वर्षांत पेटला आणि १४ जानेवारी १९९४च्या नामविस्तारापर्यंत पोचला, त्या वर्षांत ही गाणी गावागावांत धीर देत होती. ज्या घरांवर तेव्हा हल्ले झाले, त्या घरांतल्या माणसांसाठी 'जुनं गाणं' म्हटलं की हे येतं. तुळजापूरच्या वाटेवरची आराधी गाणी याच बाजारात कॅसेटवर विकली गेली. संबळाचा ठेका, झांज, पाठीमागे बायकांचा झील. नवरात्रात एकेका गल्लीत तीन घरांतून तीन वेगळ्या कॅसेट वाजत आणि गल्ली त्यात भिजून जाई.

हे सगळं संगीत या भागाचं स्वतःचं, विकत घेतलेलं, झिजवलेलं, फीत तुटली तर चिकटपट्टीने जोडून पुन्हा ऐकलेलं. जुन्या सिनेगीतांइतकंच किंवा त्याहून जास्त लोकप्रिय. वाहिन्यांवरच्या स्पर्धांनी जुन्या गाण्यांची आठवण काढली तेव्हा या फडताळाकडे त्यांचा हात क्वचितच गेला. गेला तर 'लोकसंगीत विशेष' अशा एखाद्या भागापुरता, फेटे बांधून. भावगीताला साल असतं, कवी असतो, संगीतकार असतो. कॅसेटच्या गाण्याला 'पारंपरिक' म्हणून मोकळं केलं जातं, जणू ते कुणी लिहिलंच नाही. हा अन्याय आहे, आणि तो मान्य करायला फार संगीत कळायला लागत नाही.

थोडं बदलतंय. २०२१च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'मी होणार सुपरस्टार छोटे उस्ताद'मध्ये प्रल्हाद शिंद्यांचा नातू आदर्श शिंदे परीक्षकाच्या खुर्चीत बसला, शेजारी वैशाली सामंत आणि सचिन पिळगांवकर. आजोबांचा दाणा नातवाच्या आवाजात ऐकू येतो. त्याच वर्षी जूनमध्ये 'लिटिल चॅम्प्स'चं नवं पर्व आलं, आणि मूळ पाच जण ज्युरी म्हणून त्याच मंचावर परतले. तेव्हा पाहणाऱ्यांना जे भरून आलं ते १९६०च्या गाण्यासाठी नव्हतं, २००९च्या त्या हिवाळ्यासाठी होतं. इन्व्हर्टर असलेल्या घरातल्या सतरंजीसाठी. जुन्या गाण्याची स्पर्धाच आता जुनी झाली होती.

हिंदीत हाच खेळ मोठ्या पैशात चालतो. रोहित 'इंडियन आयडल'च्या अकराव्या पर्वात २३ फेब्रुवारी २०२०च्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि उपविजेता ठरला. विजेता भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी. पुढच्या पर्वात कल्याणची सायली कांबळे शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचली, आणि त्याच पर्वात किशोरकुमारांवरच्या खास भागाला त्यांचे चिरंजीव अमितकुमार पाहुणे आले. नंतर मुलाखतीत त्यांनी सांगितलं की तो भाग आपल्याला आवडला नव्हता, सगळ्यांची स्तुती करा असं सांगण्यात आलं होतं. त्यावर महिनाभर वाद झाला. जुन्या गाण्यावर प्रेम असेल तर ते वाईट गायलं तेव्हा तसं म्हणताही आलं पाहिजे. अवधूत-वैशाली मुलांना चुकलेला सूर प्रेमाने पण स्पष्ट सांगत, म्हणून त्यांच्या 'वा'ला वजन होतं.

मराठीतल्या एखाद्या वाहिनीने आता एक भाग वामनदादांवर आणि एक प्रल्हाद शिंद्यांवर करावा. कवीचं, संगीतकाराचं नाव पडद्यावर पूर्ण द्यावं. मधलं संगीत कापू नये. बँजो कीबोर्डवर वाजवू नये, नांदेड-लातूरकडच्या गायन पार्टीतला बँजोवाला बोलावून अमर ओकांच्या शेजारी बसवावा, आणि स्पर्धक म्हणून या बाजूची पोरं निवडावीत, ज्यांनी ही गाणी आईच्या कडेवर ऐकली आहेत.