विजेची शिदोरी

प्रवासास निघताना बरोबर काय न्यावे व काय नेऊ नये, हा वाद आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आला आहे. आमचे आजोबा वळकटी आणि फिरकीचा तांब्या यांपलीकडे काही घेत नसत. वडिलांच्या काळी त्यांत विजेरीची भर पडली, तेव्हा ‘रात्री कोणाच्या घरी शिरावयाचे आहे काय?’ असे आजोबांनी विचारल्याचे सांगतात. येत्या कार्तिकात, चातुर्मास संपताच, नर्मदेच्या पायी परिक्रमेस निघण्याचा आमचा संकल्प आहे, आणि आमच्या झोळीत या खेपेस शिरू पाहणारा पाहुणा म्हणजे मोबाइलला वाटेत वीज पाजणारी ती चपटी पेटी होय. बाजारात तिला पॉवरबँक म्हणतात. जन्मभर मुलांस शब्दरूपे घोकविलेल्या माणसास तिचे बारसे करण्याचा मोह व्हावयाचाच. आम्ही ‘विद्युत्कोश’ हे नाव सुचविले. घरातील मुलांनी ते आदराने ऐकून घेतले आणि पुन्हा पॉवरबँक म्हणण्यास प्रारंभ केला. आमच्या मंडळींनी मात्र तिला ‘विजेची शिदोरी’ म्हटले, आणि तेच आता घरात रूढ झाले आहे.

एवढ्याशा वस्तूवर आम्ही एरवी चार ओळीही खर्ची घातल्या नसत्या. परंतु तिच्यापायी आम्हांस एक दुःख भोगावे लागले आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही काशीस निघालो होतो. वडील बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, ते त्या वेळी रुग्णालयात होते; पण प्रकृतीस उतार आहे असे सर्वांनीच सांगितले, आणि ‘तू जा, गयेचे कार्य माझ्या वतीनेही उरकून ये’ असा खुद्द दादांचाच आग्रह होता. स्टेशनाबाहेरच्या पदपथावर आम्ही चारशे रुपयांस एक पॉवरबँक घेतली. तिच्यावर ‘२०,०००’ असा आकडा ठळक छापला होता, आणि हातात घेता ती चांगली जडही लागली. जड म्हणजे भरीव, असा आमचा समज! भुसावळपर्यंत तिने कशीबशी सोबत केली आणि पुढे प्राण सोडला. डब्यातील चार्जिंगची सोय पाहू लागलो, तर ती रात्री बंद. आगीच्या भीतीने रात्री अकरा ते पहाटे पाच ती बंद ठेवण्याचे रेल्वेने २०२१ साली ठरविले होते, हे आम्हांस एका सहप्रवाशाने तेव्हा सांगितले. जबलपूर मागे पडले आणि फोनने डोळे मिटले. सकाळी शेजारच्या बाकावरील मुलाने आपला चार्जर दिला, तेव्हा पुतण्याचे चौदा निरोप एकामागून एक उमटले. दादा मध्यरात्री आमच्याशी बोलावयाचे म्हणत होते. पहाटे चारला ते गेले. काय सांगावयाचे होते ते त्यांनी इतर कोणासही सांगितले नाही. ‘तुमचे नाव घेत होते, भावजी,’ एवढेच वहिनी सांगतात.

परत आल्यावर ती पेटी आम्ही पुतण्याच्या ओळखीच्या कारागिराकडून उघडवून घेतली. आत बोटाएवढा एकच सेल, आणि वजन यावे म्हणून मातीच्या दोन पुड्या! कारागीर हसला, आम्हांस हसू आले नाही.

तेव्हा या खेपेस आम्ही विद्यार्थ्यासारखे बसून हा विषय समजावून घेतला. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. पण त्रैराशिक पक्के असले म्हणजे पुष्कळ कळते. पेटीवर जो आकडा असतो तो मिलिअँपिअर-तासांचा. परंतु तो आतील सेलच्या दाबाने, म्हणजे सुमारे ३.७ व्होल्टने, मोजलेला असतो, आणि फोनकडे वीज जाते ती सामान्यतः ५ व्होल्टने. म्हणून खरा साठा पाहावयाचा तो वॉट-तासांत: १०,००० च्या पेटीत ३७ वॉट-तास. त्यास ५ ने भागले की ७,४०० उरतात; त्यांतूनही दाब चढविताना काही भाग उष्णतेच्या रूपाने जातो. मापाने घेतलेले दूध तापवून आटल्यावर जसे कमी भरते, तसाच हा प्रकार. प्रामाणिक कारखानदार हा आटलेला आकडाही बारीक अक्षरांत छापतो, आणि तो बहुधा सहा ते साडेसहा हजारांच्या घरात असतो. चष्मा पुसून तोच वाचावा. आमचा फोन ५,००० चा आहे. तो एवढ्या शिदोरीवर जेमतेम दीड वेळा भरेल.

‘मग वीस हजारांचीच घ्या की,’ असे आमच्या शेजारच्या निवृत्त मामलेदारांनी सुचविले. मामलेदारांची प्रवासाची कल्पना मोटारीची. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तीर धरले म्हणजे अडीच हजारांहून अधिक चाल झाली, आणि झोळी आमच्याच खांद्यावर. लहान पेटी पाव किलोच्या आत बसते, मोठी त्याच्या जवळपास दुप्पट. बरे, ओझेही एक वेळ सोसू. पण ती भरावयाची कोठे? आधी जाऊन आलेले आमचे एक स्नेही सांगतात की आश्रमात किंवा धर्मशाळेत एकच बोर्ड, त्याभोवती दहा परिक्रमावासी, आणि वीज असेल तोवर असेल. साध्या दहा वॉटच्या चार्जरने लहान पेटी भरण्यास चार-पाच तास लागतात, मोठीस नऊ-दहा. जी थैली कधी भरावयाचीच नाही ती मोठी घेऊन काय उपयोग? आम्ही दहा हजारांवर कायम राहिलो, आणि तिच्याबरोबर जलद भरणारा अठरा वॉटचा चार्जर घेतला. मात्र पेटीनेही तो वेग घेतला पाहिजे. नाही तर मोठ्या नळाखाली अरुंद तोंडाचा शिसा धरल्यासारखे व्हावयाचे.

पाठीवर सूर्यपट्टी असलेल्या पेटीने आम्हांस एक आठवडा भुरळ घातली होती, हे कबूल केले पाहिजे. नर्मदातीर, वर साक्षात सूर्यनारायण, आणि फुकट वीज! पुतण्याने हिशेब मांडला. तळहाताएवढी पट्टी कडक उन्हातही दीड वॉट कष्टानेच देणार. म्हणजे ३७ वॉट-तासांस पंचवीस तासांचे ऊन, तेही काही वाया गेले नाही तर. शिवाय लिथियमचा सेल उन्हात तापवणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे. भुरळ ओसरली.

हे सेल अग्नीचे भाऊबंद आहेत, हे मात्र विसरता येत नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर उड्डाणापूर्वीच एका विमानास आग लागली. डोक्यावरील सामानाच्या कप्प्यातील पॉवरबँकेवर तपासणाऱ्यांचा संशय गेला. माणसे सर्व जिवानिशी उतरली. विमानात ही पेटी हातच्या पिशवीतच न्यावी लागते, खाली सोपविलेल्या सामानात मुळीच नाही, आणि १०० वॉट-तासांवर गेल्यास कंपनीची परवानगी लागते. आमच्या सूनबाई परदेशी जातात म्हणून हे लिहिले. पायी जाणारास याचे काय! आम्ही दुकानात एवढेच पाहिले की पेटीवर भारतीय मानक ब्युरोची खूण व ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे, पावती मिळते, आणि कोठे फुगवटा नाही. किंमत पदपथाच्या तिपटीहून अधिक पडली. आम्ही घासाघीस केली नाही, याचे आमच्या मंडळींस अजून नवल वाटते.

गेल्या पंधरवड्यात आम्ही तिची परीक्षा घेतली. चार दिवस घरातील खटक्यास हात लावावयाचा नाही, असा नेम केला. पहिल्या दिवशी फोन सदा चालू ठेवला, तो रात्रीपर्यंत निम्म्यावर आला. मग दिवसा बंद ठेवून सायंकाळी आठ ते नऊ उघडण्याचा क्रम लावला, तेव्हा चौथ्या दिवशीही शिदोरीत दोन दिवे शिल्लक होते. जंगलात जेथे संपर्क क्षीण तेथे फोन खांब शोधण्यातच अधिक वीज खातो, म्हणून हा क्रम तेथे तर फारच अवश्य. जोडण्याची तार मात्र दुसऱ्याच दिवशी मुडपली. आता दोन तारा घेतल्या आहेत.

आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, त्या घरीच राहणार. वहिनीही त्यांच्या सोबतीस आहेत. आठ वाजताचा नेम वहिनींस सांगितला, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. परवा मात्र बरोबर आठास, आम्ही माजघरात व त्या स्वयंपाकघरात असताना, आमचा फोन वाजला. ‘लागतो का ते पाहिले, भावजी,’ असे म्हणून त्यांनी तो ठेवून दिला.