मागे डांबर, पुढे वाळू

मालवीय नगर, जयपूर
रविवार, २ मार्च २०२५

मागचा टायर गोटा झाला. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्यांच्या रेषेत वर गेलं की खाचेत रबराचा बारीक उंचवटा लागतो. आज नक्षी त्या उंचवट्याला टेकलेली दिसली. दुचाकीला कायद्यानं ०.८ मिलिमीटर खोली पुरते, पण कायद्याला पुरली म्हणजे वाळूला पुरली असं नाही. पुढच्याचीही एक कड करवतीसारखी झिजलीय. जोडीच बदलावी म्हणतो.

गाडी हीरोची एक्सपल्स. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८, दोन्हींत ट्यूब. एका अर्थानं ती इथलीच. हीरोचं संशोधन केंद्र २०१६ पासून जयपूरच्या उत्तरेला कूकसला आहे. मागचं चाक अठरा इंची असणं सोयीचं, कारण खऱ्या एन्ड्युरो गाड्यांचं मागचं चाक याच मापाचं असतं आणि त्यामुळे कच्च्या वाटेच्या टायरांत निवडीला वाव मिळतो.

आता वापराचा खरा हिशेब. सोमवार ते शनिवार जेएलएन मार्ग, जवाहर सर्कल, टोंक रोड, सीतापुरा आणि परत. सगळं डांबर. रविवारी कच्चं. कंपन्या ८०-२०, ५०-५० असे आकडे देतात, म्हणजे इतकं डांबर आणि इतकी कच्ची वाट. पण हे आकडे मोजायला कुठलं प्रमाण नाही. ड्युअल स्पोर्ट टायर दोन डगरींवर पाय ठेवूनच जन्माला येतो. कुठल्या डगरीवर जास्त भार द्यायचा हे आपण ठरवायचं.

बुधवार, ५ मार्च

रात्री साताऱ्याहून भाच्याचा फोन. त्याच्याकडेही हीच गाडी. "मामा, विचार कसला करताय? पुढं-मागं बटनंच टाका." बटन म्हणजे उंच, सुट्या रबरी गुटक्यांचा टायर. त्याचं बरोबर आहे, त्याच्या मुलखापुरतं. कास-बामणोलीकडच्या लाल चिखलात टायरचे गुटके लांब-लांब हवेत. चाक फिरताना मधला चिखल उडून गेला पाहिजे आणि गुटका खालच्या घट्ट थराला टेकला पाहिजे. गुटके जवळ असले की खाचा भरतात आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो.

वाळूचं गणित उलटं आहे. खाली घट्ट थर सापडेलच असं नाही. मागच्या चाकाला खोल गुटके लावून ॲक्सिलरेटर पिळला की चाक स्वतःचाच खड्डा खणतं आणि गाडी आसापर्यंत रुतते. इथे टायरनं वर तरंगायला हवं. त्यासाठी जमिनीला टेकणारा भाग मोठा हवा, आणि तो नक्षीपेक्षा हवा कमी केल्यानं जास्त मोठा होतो. पुढच्या चाकाचं वेगळं. ते ढकललं जातं, ओढत नाही. त्याला दिशा धरायची असते, आणि त्यासाठी कडेचे गुटके चावणारे लागतात.

हे सांगितलं तर तो डाकार रॅलीवर गेला. हीरोची टीम तिथे उतरते, सी. एस. संतोषनं २०१५ साली डाकार पूर्ण केली, तसं करणारा तो पहिला भारतीय, आणि ही सगळी मंडळी बटन टायरवरच पळतात. पळतात खरी. पण त्या टायरांत हवाच नसते, फोमचं कडं असतं, आणि सोमवारी सकाळी सीतापुऱ्याला पंच करायला त्यांना जायचं नसतं.

रविवार, ९ मार्च

पहाटे निघालो. घाट की गुणीच्या बोगद्यातून आग्रा रोड, कानोता, तिथून नायला. २००० साली बिल क्लिंटन या नायला गावात येऊन गेले होते, हे चहावाला अजून न विचारता सांगतो. पुढे जमवा रामगढकडे.

इतक्या अंतरात पायाखालची जमीन किती बदलते! कानोत्यापाशी ढूंढ नदीचं पात्र कोरडं, वाळू पिठूळ आणि खोल. नायल्याच्या पुढच्या शेतवाटांवर घट्ट माती, त्यावर भुरभुरता थर. वळणावर हाच थर घात करतो. टेकडीच्या पायथ्याला अरवलीचा क्वार्टझाइट, फुटलेल्या दगडांच्या कडा धारदार. टायरचा नुसता तळ मजबूत असून इथे भागत नाही, बगलही जाड हवी. रामगढचं धरण कोरडंच. १९८२ च्या एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती याच पाण्यावर झाल्या होत्या, हे तिथे उभं राहून पटत नाही.

परतताना मागचं चाक बसलं. दगड नाही, काटा. विलायती बाभूळ म्हणजे प्रोसोपिस जुलिफ्लोरा. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात. इथे रस्त्याच्या दोन्ही कडा तिनंच भरल्यात, आणि छाटलेल्या फांद्या लोक कुंपणाला ओढत नेतात तेव्हा काटे वाटभर सांडतात.

कानोत्याच्या पंक्चरवाल्याचं काम बघत बसलो. त्यानं टामीनं टायरची एक बाजू सोडवली, ट्यूब काढली, फुगवून पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडे दोन जागी. पॅच बसवले, पण टायर लगेच चढवला नाही. आतून बोट फिरवायचं धाडस न करता कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून गोल फिरवला. जिथे कापसाचे तंतू अडकले तिथे पक्कड लावली. काटा बाहेरून दिसतच नव्हता, रबरात मोडलेला, आत जेमतेम दोन मिलिमीटर टोक. तसाच राहिला असता तर नव्या पॅचशेजारी तिसरं भोक पडलं असतं. म्हणाला, "भाईसाब, आधे पंचर तो पुराने काँटे के होते हैं."

ट्यूबमध्ये सीलंट भरू का, तेही विचारलं. त्यानं तोंड वाकडं केलं. तो चिकट द्रव आत असला की पुढच्या पंक्चरला पॅच धरत नाही. जाड ट्यूब घाला म्हणाला. ती जड असते, पण पातळ ट्यूबपेक्षा काटा आणि रिम-दगडात सापडून बसणारा चिमटा दोन्ही जास्त सोसते. मला पटलं. मांडणीवरच्या झगमगीत टायरांपेक्षा हा सल्ला स्वस्त आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

धुलंडी, म्हणजे इथली धुळवड. दुकानं बंद, सेक्टरभर रंग. काही घडलं नाही.

शनिवार, १५ मार्च

टायरच्या दुकानात दोन तास गेले. समोर एमआरएफ, सीएट, अपोलो, शिवाय मिटासच्या भागीदारीत निघणारे रीझचे. दुकानदार नक्षी दाखवत होता, मी बगल वाचत होतो. १२०/८०-१८ म्हणजे रुंदी १२० मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के, रिम १८ इंची. पुढे ६२ एस. ६२ हा वजनाचा निर्देशांक, २६५ किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. माझी गाडी त्या वेगाच्या आसपासही जात नाही, त्यामुळे अक्षराची चिंता नाही. आकड्याकडे मात्र बघायला हवं: मागे बायको, दोन पिशव्या आणि खड्डे.

एक बटन टायर बराच स्वस्त पडत होता. लंबगोल चौकटीत शेवटचे चार आकडे ३१२१, म्हणजे २०२१ चा एकतिसावा आठवडा. पत्र्याखाली जयपूरचे तीन उन्हाळे काढलेलं रबर! नखानं दाबून पाहिलं, दबेना. "रखा हुआ माल है साहब, चला हुआ नहीं," दुकानदार म्हणाला. ठेवल्या ठेवल्याही रबर कडक होतं, हे त्यालाही ठाऊक असणार.

मंगळवार, १८ मार्च

अजून मार्च आहे, तरी दुपारी टोंक रोडवर डांबराची झळ हेल्मेटच्या आत येते. मे महिन्यात इथे पारा ४५ ला जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापतं. उंच सुट्या गुटक्यांचा टायर अशा रस्त्यावर पळवला की प्रत्येक गुटका वाकतो, घासतो, आणखी तापतो. मऊ रबराचे कोपरे तुटून पडतात, झीज मधल्या पट्ट्यात होते आणि टायर चौकोनी बनतो. भाच्याच्या सल्ल्याप्रमाणे मागे बटन घातलं तर दिवाळीला पुन्हा त्याच दुकानात जावं लागेल.

तेव्हा ठरलं. मागे जवळ-जवळ बसलेल्या गुटक्यांचा, मधोमध जवळपास सलग पट्टी असलेला, डांबराकडे झुकलेला टायर. पुढे मात्र उघड्या नक्षीचं बटन. पुढच्या चाकावर इंजिनाचा जोर नसतो म्हणून ते सावकाश झिजतं. तिथे मऊपणा परवडतो. शिवाय मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खालीच. विजोड जोडी विचित्र दिसेल, पण बिल मी भरणार आहे.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

सकाळी बाल्कनीत गुढी. कडुनिंबाला इथे तोटा नाही. शेजारच्या काकूंकडे उद्याच्या गणगौरची तयारी. आईनं फोनवर मुहूर्ताची खरेदी काय केली विचारलं. टायर म्हटल्यावर क्षणभर गप्प, मग म्हणाली, "मग त्यांनाच हळदकुंकू लाव, तुझं सगळं त्यांच्यावरच चाललंय."

मेकॅनिककडे जाऊन बसवून घेतले. बगलेवरचा बाण फिरण्याच्या दिशेनं, पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर. तो टायरचा सगळ्यात हलका भाग असतो, व्हॉल्व्हचं वजन तिथे भरून निघतं. रिमपट्टी नवी. ट्यूबला बाहेरून पावडर. जाड ट्यूब आत सारताना मेकॅनिकच्या कपाळावर घाम आला. वाटेत हे आपल्याला एकट्याला जमेल का, हा विचार डोक्यात राहिला.

शनिवार, ५ एप्रिल

नव्या टायरचा गुळगुळीतपणा जायला शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवली. आज ढूंढच्या पात्रात उतरलो. काठावरच दोन्ही चाकांची हवा १८ पीएसआयवर आणली. याखाली जायची छाती नाही. टायर रिमवर धरून ठेवणारा रिमलॉक नसला की कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. वाळूत पुढचं चाक अपेक्षेपेक्षा सरळ चाललं. मागचं सुरुवातीला जरा फिरलं, पण दुसऱ्या गिअरमध्ये, उभं राहून, वजन मागे टाकून निघालं. थांबलो की मात्र रुततंच.

वर येऊन पायपंपानं हवा भरली. उन्हात तापलेल्या टायरचा आकडा फुगलेला दिसतो. दहा अंशांना सुमारे दीड पीएसआय धरून चालायचं आणि खरं माप सकाळी थंड चाकाचंच घ्यायचं.

डांबरावर किंमत मोजावी लागतेच. पुढचा ब्रेक जोरात दाबला की गुटके वाकल्याची चुळबुळ हँडलात जाणवते आणि साठच्या वेगाला घूं असा आवाज येतो. अपेक्स सर्कलच्या वळणावर आता पूर्वीइतकी झुकवत नाही.

भाच्याला फोटो पाठवला. त्यानं फक्त मागच्या चाकावर लाल गोल काढून परत पाठवला. जूनमध्ये गाडी रेल्वेनं साताऱ्याला न्यायची आहे, आणि तिथे त्याचं म्हणणं खरं ठरणार. मागचा एक जुना बटन टायर त्याच्याकडे पडून आहे म्हणतो. कुठल्या आठवड्याचा ते विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही.