आखाजी झाली, आता मे महिना : वहीचं मागचं पान



पपईला पाणी चालू आहे. कापसाचं रान नांगरून तापत पडलंय. ऊन एवढं आहे की दुपारी मोटरच्या पेटीला हात लावता येत नाही. पिकाचं आज एवढंच. आज शेताच्या वहीच्या मागच्या पानावरचं लिहितो, कारण त्याची वेळ आत्ताच आहे.

परवा आखाजी झाली. आपल्या खान्देशात सालदाराचा हिशोब आखाजीला मिटतो आणि नवं साल आखाजीलाच ठरतं, हे बाहेरच्या कृषी अधिकाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. उचल किती, धान्य किती, कपडे, चप्पल, सगळं ओट्यावर बसून बोललं जातं. आमच्याकडे तीन-चार वर्षांपासून त्या हिशोबात आणखी एक ओळ असते : ४५६ रुपये, विम्याचे, मालकाकडून. पहिल्या वर्षी सालदार पासबुक घेऊन आला होता. "बापू, मना पैसा कसाले कटनात?" आता विचारत नाही. पण ही ओळ आली कुठून ते सांगायचं तर चुलतभावापासून सुरुवात करावी लागते.

दादा २०२२ साली पोळ्याच्या आधी गेला. वय ४६. सकाळी गोठ्यात छाती धरून बसला, शहाद्याला नेईपर्यंत संपलं होतं. दहाव्यानंतर कागद काढायला बसलो. पासबुकात २०१५ पासून दरवर्षी ३३० आणि १२ अशा दोन नोंदी. ३३० म्हणजे जीवनज्योती, १२ म्हणजे सुरक्षा. दोन्ही योजना ९ मे २०१५ ला एकाच दिवशी सुरू झाल्या. गावात शिबिर झालं, सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. जीवनज्योतीत मरण कशानंही आलं तरी वारसाला २ लाख मिळतात. सुरक्षा विमा फक्त अपघाताचा.

२०२२ च्या पानावर २० रुपयांची नोंद होती, दुसरी नव्हतीच.

त्या वर्षी हप्ते वाढले. ३३० चे ४३६ झाले आणि १२ चे २०. ते जाहीरही झालं ऐन मे संपताना, १ जूनपासून लागू. दादा माणूस शिस्तीचा, दरवर्षी त्या हिशोबाने खात्यात चारशेच्या आसपास ठेवायचा. त्या वेळी होते ४१२. त्यातले २० गेले, ३९२ उरले, आणि ४३६ ची वजावट झालीच नाही. ४४ रुपये कमी पडले. मेसेज आलाही असेल. आपण कोणते मेसेज वाचतो? बाकीचे पैसे दादाने कपाशीच्या बियाण्यासाठी आणि डीएपीसाठी आधीच काढले होते. वीसचा विमा चालू होता, पण हृदयविकार हा अपघात नाही. वहिनीला काही मिळालं नाही.

मला बँकेचा राग आला होता, तो दोन दिवसांत गेला. नियम तसाच आहे. खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो, कोणी दारात सांगायला येत नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. या विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. पैसे कटतात मेच्या शेवटच्या आठवड्यात. आणि शेतकऱ्याचं खातं वर्षभरात सर्वांत रिकामं कधी असतं? मेच्या शेवटच्या आठवड्यात. कापूस-मिरचीचे पैसे संपलेले, पीककर्ज अजून हातात नाही, बियाणं उधार मिळत नाही. ज्यानं कोणी ही तारीख ठरवली त्यानं मृग नक्षत्र पाहिलेलं नसावं.

दादाचं पासबुक पाहून झाल्यावर मी माझी काढली. माझी दोन खाती. एक पीककर्जाचं, दुसरं पीएम किसानचे पैसे येतात ते. दोन्हींतून दरवर्षी ३४२ कटत होते. मी खूश होतो, दोन खाती म्हणजे घराला ४ लाख. बँकेत विचारलं तेव्हा कळलं की एका माणसाला एकच जीवनज्योती आणि एकच सुरक्षा. दोन ठिकाणी भरले तरी मिळणार २ लाखच, जास्तीचा हप्ता बुडीत. सात वर्षं ३४२ आणि आठव्या वर्षी ४५६, एकूण २,८५० रुपये मी हवेत सोडले. तिकडे दादाला ४४ कमी पडले. एकाच वाड्यातली दोन घरं.

एका खात्यातून विमा बंद करण्याचा अर्ज दिला. मागचे पैसे परत आले नाहीत, येणारही नव्हते. पण वर्षाचे ४५६ वाचले. पुढच्या आखाजीपासून तेच ४५६ सालदाराच्या नावाने भरतो. खिशातून नवीन काहीच जात नाही.

सालदाराचं वेगळं का करावं लागतं तेही सांगतो. आपल्या नावावर सातबारा आहे म्हणून आपल्याला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना लागू आहे. हप्ता शून्य. खातेदार आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला घरातला एक जण, वय १० ते ७५. साप चावणं, वीज पडणं, शॉक, विहिरीत बुडणं, फवारणीची विषबाधा, झाडावरून पडणं हे सगळं त्यात येतं. मृत्यू झाला तर २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. पण रात्रीच्या लाइटीला पपईत पाणी द्यायला जातो तो सालदार, आणि त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. त्याला ही योजना नाही. त्याच्यासाठी २० रुपयांचा विमा हाच काय तो आधार, आणि त्यातही साप चावणं धरलं जातं, फक्त लगेच दवाखान्यात नेल्याचा कागद लागतो. इथेच आपले लोक अडकतात. आधी भगताकडे जातात, माणूस घरी दगावतो, पोस्टमॉर्टेम न करता माती दिली जाते. मग कागद कुठला? जीव वाचवायलाही आधी दवाखानाच हवा, पैशाचं नंतर बघू.

आता माझी फजिती. सालदाराला मी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, "काहीही झालं तर विमा आहे." गेल्या वर्षी दिवाळीनंतर कडबा कुट्टीत त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी धावत जाऊन अर्ज मागितला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं की पूर्ण हात, पूर्ण पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख, बोटांना काही नाही. मी तो कागद आधी वाचलाच नव्हता. ऑपरेशनचा खर्च आयुष्मान कार्डावर झाला म्हणून निभावलं, पण त्यासाठीही आधी एका दवाखान्यात तीन तास आणि आगाऊ रक्कम घालवून मग योजनेतल्या दवाखान्यात गेलो. कोणता दवाखाना योजनेत आहे हे आता वहीत लिहून ठेवलंय, नंबरासकट. घरी आल्यावर सालदार म्हणाला, "बापू, म्हणजे अख्खा हात टाकायला पाहिजे होता." हसत म्हणाला. मला हसता आलं नाही. त्या महिन्याचे पैसे आणि वर पाच हजार मी दिले. ते विम्याच्या हिशोबात धरत नाही.

पीकविम्याचं थोडक्यात. खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा होता तेव्हा कोणी विचारच केला नाही, सगळ्यांनी सगळं भरलं. अर्ज भरणाऱ्या केंद्राला प्रत्येक अर्जाचे ४० रुपये कंपनीकडून मिळायचे, तरी आमच्याकडे १०० घेणारे होते आणि आपण देत होतो. खरीप २०२५ पासून तो एक रुपया गेला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के. आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर. शेतात पाणी साचलं म्हणून ७२ तासांत कळवायचं ते प्रकरण त्या खरिपापासून काढून टाकलं. याचा अर्थ नीट समजून घ्या. माझं नाल्याकाठचं अडीच एकर बुडालं पण मंडळाचं सरासरी उत्पादन चांगलं आलं, तर मला काही नाही. म्हणून मागच्या खरिपात मी सोयाबीनचा भरला आणि नाल्याकाठच्या कापसाचा सोडला. कोरडा दुष्काळ सगळ्या मंडळावर येतो, नाला माझ्या एकट्यावर येतो. ज्यांचं रान माळावर कोरडवाहू आहे त्यांनी माझं पाहून सोडू नये, त्यांचं गणित बरोबर उलटं आहे. माझं चुकलंही असेल.

कर्जदारांसाठी एक महत्त्वाचं. पीककर्ज कापसावर घेतलं आणि लावली पपई, असं आपल्याकडे निम्म्या लोकांचं असतं. बँक कापसाचा हप्ता कापून मोकळी होते. ई-पीक पाहणीत पपई, विम्यात कापूस, असा विमा काय कामाचा? २०२० पासून कर्जदारालाही पीकविमा ऐच्छिक आहे. शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेत लेखी द्यायचं की नको. मी दिलं, पोच घेतली. पोच नसेल तर ते दिलंच नाही असं समजा.

म्हातारपणाचं मात्र माझं स्वतःचं हुकलं. २०१५ ला अटल पेन्शन आली तेव्हा मी ३७ चा होतो. "साठीचं साठीला बघू" म्हणालो. २०१९ च्या सप्टेंबरात किसान मानधन आली तेव्हा मी ४१ चा. दोन्हींची हद्द ४० वर्षं. घरची ३७ ची होती, आपली जमीन दोन हेक्टरच्या आत, म्हणून तिचं नाव घातलं. महिन्याला १७० रुपये, तेवढेच केंद्र सरकार टाकतं. आम्ही ते पीएम किसानच्या पैशातून वळते करून घेतो, चार महिन्यांचे ६८०. साठीपर्यंत तिचे भरले जातील ४६,९२०, आणि नंतर महिन्याला ३,०००. म्हणजे सोळा महिन्यांत आपलं आपल्याला परत. तोवर ३,००० ला काय किंमत उरेल हा प्रश्न आहेच, मी काही फार स्वप्नं रंगवत नाही. पण ते तिच्या नावावर येतील, माझ्या नव्हे. दादाचं झाल्यापासून ही गोष्ट मला पैशापेक्षा मोठी वाटते.

पोरगा २० चा झाला. त्याला अटल पेन्शनमध्ये घातलं, महिन्याला २४८, साठीनंतर ५,०००. हेच चाळिशीत सुरू केलं असतं तर महिन्याला १,४५४. त्याला मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले, बाकी काही बोललो नाही. मानधनपेक्षा अटल का? मानधनमध्ये माणूस गेल्यावर जोडीदाराला निम्मी पेन्शन, मुलांना काही नाही. अटलमध्ये जोडीदाराला तेवढीच पेन्शन आणि दोघांनंतर साठलेली रक्कम वारसाला. आयकर भरणाऱ्यांना ती आता घेता येत नाही, पण आपल्यात किती जण भरतात?

गेल्या तीन वर्षांत या मागच्या पानावर गल्लीतली एकोणीस खाती लिहिली गेली. नाव, कोणतं खातं, मेमध्ये किती शिल्लक, वारस कोण. चार जणांचे दोन-दोनदा कटत होते. सहा जणांचा कधीच बंद पडला होता आणि त्यांना माहीत नव्हतं. एकाच्या विम्याला वारस म्हणून दहा वर्षांपूर्वी वारलेली आई. ज्यांचा बंद पडला त्यांना पुन्हा सुरू करता येतो, वय ५० च्या आत असेल तर. जीवनज्योती उशिरा घेतली तर पहिल्या वर्षाचा हप्ताही कमी बसतो, डिसेंबरात घेतली तर २२८. पण पहिले ३० दिवस अपघाताशिवायच्या मरणाला पैसे नाहीत. म्हणून उगाच दिवस मोजू नका.

कृषी सहायक आणि केव्हीकेचे साहेब हे पान वाचतात म्हणून विनंती. मेमधल्या खरीप सभेत बीजप्रक्रिया सांगता तेव्हा पासबुक घेऊन यायलाही सांगा. पाच मिनिटं लागतात.

वहिनी आता मिरचीच्या पथारीवर जाते, हंगाम असेल तेव्हा. तिच्या खात्यातून यंदाही ४५६ कटतील, तिनं आखाजीच्या दुसऱ्या दिवशीच ५०० भरून मला स्लिप दाखवली. मी विचारलं, इतक्या लवकर कशाला? म्हणाली, "हप्ता परत वाढला तर?"

उद्या बियाण्याची चौकशी करायला शहाद्याला जातोय. जाताना सालदाराचं पासबुक भरून आणतो. कोणाचं न्यायचं असेल तर सकाळी सातच्या आत आणून द्या, नंतर मी निघालेलो असेन.