घरच्या फोटोचे कपडे

आज फवारणीचं नाही, फोटोचं.

सुट्टीला पोरं आलीत. सूनबाईंनी मोबाइलवर सगळ्यांसाठी एकसारखे गडद निळे पॉलिस्टरचे कुर्ते दाखवले. आबा म्हणाले, "सोलापूरच्या मे महिन्यात हे घालायचं? मला उकडून काढायचंय व्हय?"

बरोबर होतं त्यांचं. पॉलिस्टर घाम शोषत नाही, गडद रंग ऊन ओढतो. डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून आपण पांढरं क्रॉप कव्हर टाकतो, नाहीतर जुन्या साड्या बांधतो. झाडाला कळतं ते माणसाला नको?

साड्यांवरून आठवलं. आई गेली त्याला चार वर्षं झाली. तिचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. सगळ्यांचा काढू, हंगाम सरला की काढू म्हणता म्हणता राहिला. बागेवर टाकायला किलोवर साड्या आणल्या, त्या गठ्ठ्यात तिचं हिरवं इरकली लुगडंबी माझ्याच हातानं गेलं. दोन उन्हाळ्यांत विरलं. लाल पदर तेवढा धड राहिला.

तो मी सोडून आणला. सूनबाईंनी धुतला अन् म्हणाल्या, "मामा, हाच रंग धरू."

मग ठरलं. आबा त्यांच्या धोतर-टोपीत, आम्ही सगळे पांढऱ्या सुतीत. नातीच्या झग्याला त्या पदराची पट्टी, उरलेला आबांच्या खांद्यावर.

साडेसहाला, ऊन उतरल्यावर, बांधावरच्या लिंबाखाली उभे राहिलो. मोबाइल ट्रॅक्टरच्या बोनेटवर. पहिल्या फोटोत आबांचे डोळे मिटलेले.

दुसरा काढला.